सुमनताईंना न सांगितलेलं

फोन आला तेव्हा आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. मी फोन उचलला आणि नेहमीसारखी गप्प राहिले. आपण होऊन आधी बोलायचं मला जमत नाही, पलीकडच्याने बोलावं, मग मी बोलते. सुमनताईंना हे माहीत होतं. त्या हसून म्हणायच्या, "श्वास ऐकू येतोय, म्हणजे तूच. ऐक आता." फोनवर नाव ताईंचंच दिसत होतं म्हणून मी वाट बघत राहिले, पण आवाज पुरुषाचा आला. "हॅलो... कोण आहे?" मग तो म्हणाला, मी सुमनचा भाऊ, वरोरहून आलोय. सुमन काल पहाटे गेली. चहा ठेवायला उठली, शेगडीपुढे बसली ती पुन्हा उठलीच नाही. तिच्या फोनमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर होतं म्हणून तुम्हाला केला. मी तरीही काही बोलले नाही. त्याने दोनदा हॅलो म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या हातात भाताची पेंढी तशीच होती.

नवरा म्हणाला, "कोण होतं?" मी म्हटलं, "ताई गेल्या." पलीकडच्या खळ्यावर रूपजीबाबा बसले होते. ते माझे चुलत सासरे. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेली ना? माझा पाय घेऊन गेली." मी ऐकून घेतलं. पण त्या वाक्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे. सुमनताईंनी रूपजीबाबांचा पाय घालवला असं आमच्या पाड्यावर दोन वर्षं बोललं जातंय, आणि ते तसं नाही. तसं नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ताई होत्या तोवर मी ते कुणालाच सांगितलं नाही, त्यांनाही नाही.

ताईंची माझी ओळख माझ्या सासूच्या डोळ्यामुळे झाली. सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पाड्यावर एक एजंट यायचा, त्याच्याकडून नवऱ्याने आरोग्याची पॉलिसी घेतली होती. एजंटने सांगितलं होतं, आता डोळ्याचं ऑपरेशन फुकटात होईल. आम्ही तो कागद पिशवीत घालून तलासरीला आलो. तिथे बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर एक बाई म्हाताऱ्या माणसांचे असले कागद वाचून देते, पैसे घेत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं. त्या सुमनताई. आशागडहून रिक्षा बदलत यायच्या. डहाणूच्या एका दवाखान्यात खिडकीवर बसून भरतीचे कागद करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ताईंनी आमचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आम्ही उन्हात उभ्या, त्यांना घाई नाही. मग म्हणाल्या, "कागद खोटा नाही. पण आजी, तुमचा डोळा आधीपासून दुखतोय आणि हे म्हणतात, आधीच्या दुखण्याला काही वर्षं थांबावं लागेल. तोवर तुम्ही काय डोळे मिटून बसणार?" सासूला ताईंची बोली कळेना, ती नुसती मान हलवत होती. मी हळूच तिच्या कानात आमच्या बोलीत सांगितलं. ताईंनी ते पाहिलं. "परत सांग, मोठ्याने." मी लाजून पदर तोंडाला लावला. ताई म्हणाल्या, "मासळीवालीची मुलगी आहे मी, आवाज माझ्याकडे भरपूर आहे. तुमची बोली तेवढी नाही. तू माझ्याजवळ बसशील का गं? दोघी मिळून एक पुरी बाई होऊ."

सासूचं ऑपरेशन पुढे सरकारी दवाखान्यात झालं, पॉलिसीशिवाय. आणि मी बाजाराच्या दिवशी ताईंच्या शेजारी ओट्यावर बसायला लागले. मी म्हटलं होतं, ताई, मी चौथी शिकलेली, मला हे कागद काय कळणार. त्या म्हणाल्या, "चौथी पुरे. हे कागद लिहिणारे फार शिकलेले असतात, म्हणून तर कुणाला कळत नाहीत." त्यांच्या पिशवीत कागदांबरोबर वरोरचे सुके बोंबील असायचे, माहेरहून आलेले, येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटायला. सगळ्या फॉर्मांना त्यांचा वास. दुकानाचे काका गुजराती, शाकाहारी, ते नाक दाबून म्हणायचे, "सुमनबेन, मशीनमधून आता मच्छीच्या कॉपी निघतात." ताई म्हणायच्या, "मग एका कॉपीचे दोन रुपये जास्त घ्या."

त्या कुणालाही हे घे, ते घेऊ नको असं सांगायच्या नाहीत. मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. लांबून आलेली माणसं हात जोडून म्हणायची, "ताई, तुम्ही सांगाल ते." ताई म्हणायच्या, "दवाखान्यात मी येणार आहे का झोपायला? तुम्ही झोपणार, तुम्ही ठरवा." पण ठरवायला लागतं ते सगळं पुढ्यात मांडायच्या. सरकारी कार्ड कोणत्या दवाखान्यांत चालतं त्याची यादी. कंपनीच्या पॉलिसीत दरवर्षी हप्ता वयाबरोबर कसा वाढतो. बिल झालं तर त्यातला किती वाटा आपल्याला भरावा लागतो. कुठला आजार कितव्या वर्षापासून धरतात. आणि सगळ्यात जास्त वेळा, आधीचं दुखणं लपवू नका. एका म्हातारीने साखरेचा आजार लिहू दिला नाही, म्हणाली, कागदावर लिहिलं की तो वाढतो. ताईंनी तिला हसून घालवलं नाही. म्हणाल्या, "आजी, हा कागद देवापुढे जात नाही, ऑफिसात जातो. तिथे खरं नसेल तर तुमच्या पोराला रडत परत यावं लागेल. मी खिडकीत बसून असे किती बघितले." मग म्हातारीने स्वतःच सांगितलं, लिही बाई.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रूपजीबाबा आले. बरोबर त्यांचा मुलगा सुरेश. सुरेश हद्दीपलीकडे गुजरातेत कारखान्यात कामाला आहे. कारखान्याचा विमा होता, त्यात आईवडिलांची नावं घालता यायची, त्यासाठी पगारातून दर महिन्याला कापायचे. बाबांना सरकारी कार्ड मिळालं होतं. सुरेश विचारत होता, आता कारखान्याच्या विम्यात नावं ठेवू की काढू? दोन्ही कशाला? ताईंनी दोन्ही कागद वाचले. कार्डावर मोफत काय होतं ते सांगितलं, आपल्या बाजूचे कोणते दवाखाने यादीत आहेत तेही वाचून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, तेव्हा त्या सगळ्यांना विचारायच्या तसंच, "समजलं का, बाबा?" बाबा म्हणाले, "हो ताई." ताईंनी पुन्हा विचारलं, "नीट समजलं ना? मग काढायची नावं?" "हो ताई, काढा."

मी शेजारीच बसले होते. मला ठाऊक होतं, बाबा कधी आपल्या बाजूच्या दवाखान्यात जात नाहीत. दर महिन्याला नाक्यावरून जीप पकडून ते पलीकडे जातात, सुरेशच्या खोलीजवळच्या डॉक्टरकडे. साखरेच्या गोळ्या तिथूनच आणतात. आमच्या पाड्यावरचे निम्मे लोक तसेच. जीप तिकडे सहज मिळते, पोरं तिकडे कामाला, डॉक्टर ओळखीचा... यादीतला एकही दवाखाना पलीकडचा नव्हता. मला हे तेव्हाच जाणवलं. पण आमच्यात सून सासऱ्यापुढे बोलत नाही. मी बाबांशी लग्नापासून एक शब्द थेट बोलले नव्हते. काही सांगायचं तर काकींना, त्यांच्या बायकोला, सांगायचं, काकी त्यांना सांगायच्या. काकी त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली बघत बसले. म्हटलं, हे गेल्यावर ताईंना सांगू. ते गेले, पुढची माणसं बसली, आणि मी सांगितलं नाही.

नावं निघाली. थंडीत बाबांच्या पायाच्या अंगठ्याला काटा लागला, साखरेमुळे तो चिघळला. ते नेहमीसारखे पलीकडे गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्याने कार्ड बघितलं, म्हणाले, आम्ही यादीत नाही. कारखान्याच्या विम्यात नाव नाही. सुरेशने इकडे तिकडे धावपळ केली, त्यात दिवस गेले, शेवटी गाडी करून आपल्या बाजूला आणलं. इथल्या डॉक्टरांनी कार्डावरच सगळं केलं. पण तोवर पाय काळा पडला होता. घोट्यापासून काढावा लागला.

ताईंना कळलं तेव्हा त्या ओट्यावरून उठल्या आणि लोक बसलेले सोडून आमच्या पाड्यावर आल्या, मला बरोबर घेऊन. बाबा खाटेवर होते. ताई जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, चुकी माझी आहे. तुम्ही दवाखान्यात कुठे जाता हे मी तुम्हाला विचारलंच नाही. मी यादी वाचली आणि मला वाटलं, झालं." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते बाजारात, लग्नात, जिथे माणसं असतील तिथे सांगत राहिले की त्या शिकलेल्या बाईने माझा पाय घालवला. ताईंच्या कानावर ते यायचं. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. पाड्यावर आल्या त्या दिवशी परत जाताना, नाक्यावर रिक्षाची वाट बघत असताना, त्यांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं का गं, ते पलीकडे जातात?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, रस्त्याकडेच बघत होत्या. "तरीच," म्हणाल्या. "माहीत असतं तर तू बोलली असतीस." रिक्षा आली आणि त्या गेल्या. मी नाक्यावर उभी राहिले. आधी नुसती गप्प राहिले होते, आता खोटंही बोलले होते. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता की संशय घ्यावा असंही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना संशय आला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

त्यानंतर ताईंची पद्धत बदलली. माणूस येऊन बसला की त्या कागद मागायच्याच नाहीत. आधी विचारायच्या, "ताप आला तर कुठे जाता? छातीत दुखलं तर पोरं कुठे नेतील? गाडी कुणाची?" किनाऱ्याकडच्या आगरची म्हातारी असेल तर ती डहाणू म्हणायची, डोंगराकडचा माणूस दुसरंच काही. मग यादी उघडायच्या. आणि "समजलं का" हा शब्द त्यांनी टाकूनच दिला. सगळं सांगून झालं की कागद उपडा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता मी म्हातारी, मला काही कळत नाही. तुम्ही मला सांगा." माणसं लाजायची, हसायची, काही चिडायचीसुद्धा. एक सासरा-जावयाची जोडी ओट्यावरच भांडली, कारण दोघांना वेगवेगळं कळलं होतं. ताई खूश झाल्या. "दवाखान्यात भांडण्यापेक्षा इथे भांडा." प्रत्येकाला दुप्पट वेळ लागायला लागला. रांग लांबायची. त्या थकायच्या, पण कुणाला अर्धं ऐकवून पाठवायच्या नाहीत. मला एक वही दिली होती, तिच्यात मी माणसांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहायचे. आज मी हे लिहू शकते ते त्या वहीमुळे. त्या वहीत सगळ्यांचं बोलणं आहे, माझं नाही.

किती वेळा सांगायचं ठरवलं. एकदा तर आशागडला त्यांच्या घरी गेले होते, चिकू घेऊन. त्या चहा करत होत्या आणि मी मनात पहिलं वाक्य तयार करत होते. ताई, बाबांचं मला माहीत होतं. एवढंच होतं वाक्य. त्यांनी कप हातात दिला, म्हणाल्या, "बरं झालं आलीस, मला कंटाळा आला होता." मी चहा पिऊन परत आले. पुढे वाटायचं, बाजाराच्या दिवशी सांगू, दिवाळीनंतर सांगू... सांगायला माणूस असतो तोवर दिवस खूप वाटतात.

त्या गेल्यावर बाबांचं ते खळ्यावरचं बोलणं माझ्या कानातून जाईना. ताईंना आता सांगता येत नाही. पण ज्यांना सांगता येईल ते शेजारच्या घरात बसले होते. तीन-चार आठवडे मी त्यांच्या दारावरून नुसती ये-जा केली. एका दुपारी गेले. काकी अंगणात वाल सोलत होत्या, बाबा खाटेवर. मी काकींजवळ बसले, चार शेंगा सोलल्या आणि म्हटलं, "काकी, बाबांना सांगा..."

काकी म्हणाल्या, "त्याला सांग. तो काय बहिरा हाय? पुढ्यात तर बसलाय."

मग मी सांगितलं. पदर पुढे ओढूनच सांगितलं, जमिनीकडे बघून, पण त्यांना सांगितलं. तुम्ही पलीकडे जाता हे मला माहीत होतं. ताईंना माहीत नव्हतं. मी बोलले असते तर त्यांनी नावं काढू दिली नसती. आणि नंतर त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. पाय ताईंनी नाही घालवला.

बाबांनी आधी काकींकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हा का नाय बोललीस?"

"तुम्ही बसला होता."

"मी बसलो होतो म्हणून?" त्यांचा आवाज चढला. मला वाटलं, काठी घेतात की काय. पण काकींनी शेंग खाली टाकली.

"आणि तू रे?" काकी त्यांना म्हणाल्या. "तुला तोंड नव्हतं? सुरेश सांगत होता मला. बाईने दोनदा विचारलं, समजलं का. तू काय बोललास?"

बाबा काठीच्या टोकाने जमीन उकरायला लागले.

"बोल ना."

"हो बोललो."

"काय समजलं होतं?"

बाबांनी कापलेल्या पायावरची चादर सारखी केली. "काय नाय," ते म्हणाले. "एवढी शिकलेली बाई, घसा फोडून आपल्यासाठी सांगते... तिला नाय समजलं कसं बोलायचं? बरं दिसतं का?"

काकी पुन्हा वाल सोलायला लागल्या. आमच्याकडे असंच आहे. कुणी मोठं माणूस समजावून सांगत असेल तर हो म्हणायचं, नाही म्हटलं तर त्याचा अपमान. बाबांनी ताईंचा मान राखला होता, मी बाबांचा. आम्ही दोघं ताईंच्या दोन बाजूंना बसून मान राखत होतो, आणि मध्ये त्या एकट्या पडल्या होत्या.

मी उठताना बाबा पुन्हा माझ्याशी थेट बोलले, या वेळी आवाज न चढवता. "ती घरी आली होती, खाली बसली होती. मी तोंड फिरवलं." मग म्हणाले, "सगळ्यांना मी बाजारात सांगितलं. घरात बसून सांगून काय होईल? बाजाराच्या दिवशी मला ने."

मी ओट्यावर पुन्हा बसायचं ठरवलं नव्हतं. ताईंशिवाय मी काय करणार होते? पण सुरेशच्या गाडीवरून आम्ही बाबांना घेऊन गेलो तर झेरॉक्सचे काका म्हणाले, "बेन, माणसं येऊन विचारतात. सुमनबेनची खुर्ची मी आत ठेवली होती. काढू?" प्लास्टिकची निळी खुर्ची, एका पायाला तार गुंडाळलेली. मी म्हटलं, नको, असू दे तिथेच. त्या खुर्चीवर कुणी बसू नये असं मला वाटत होतं. पण बाबांना काठीवर उभं राहवेना. काकांनी खुर्ची बाहेर आणली आणि बाबा तिच्यावर बसले. मी काही बोलले नाही. यावेळी गप्प राहिले ते मात्र मला टोचलं नाही.

पहिल्यांदा ओळखीचे चार जण जमले, बाबांना तिथे बघून त्यांना नवल वाटलं. एकजण म्हणाला, "काय रूपजी, त्याच बाईच्या ओट्यावर?" बाबांनी काठीने आपला पाय दाखवला आणि म्हणाले, "हा त्या बाईने नाय घालवला. मी हो बोललो म्हणून गेला. न समजता हो बोललो. जाऊन सांग सगळ्यांना, मी खोटं बोलत होतो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच सांगितलं मग. चार माणसांपुढे, उभी राहून. कुणी हसलं नाही.

दुपारी उधव्याकडची एक म्हातारी आली, हातात नवा कागद, मुलाने घेतलेला. मी तिला आधी विचारलं, आजारी पडलीस तर कुठे जातेस. तिने सांगितलं. मग मी कागद वाचला, हळूहळू, आमच्या बोलीत, जिथे मला स्वतःला कळलं नाही तिथे तसं सांगितलं आणि तेवढं सरकारी दवाखान्यात विचारून घेऊ असं म्हटलं. ती सारखी मान हलवत होती. "हो पोरी, हो."

खुर्चीवरून बाबा म्हणाले, "काय हो? काय समजलं ते सांग तिला."

"तुला काय करायचंय रे?" म्हातारी चिडली. "तू कोण, साहेब?"

"साहेब नाय. सांग."

ती जरा फुरंगटून बसली. मग माझ्याकडे तोंड करून सांगायला लागली. पहिलंच चुकीचं होतं. मी कागद परत हातात घेतला आणि वरून वाचायला लागले, मोठ्याने.